ओढ्याकाठची रबरी वाट

सोरेल फोर्क, केंटकी
मंगळवार, दुकानातून

प्रिय डेल्मर,

गल्ल्यामागं बसून लिहितोय. बसून म्हणजे काय, चार ओळी लिहितो नि उठतो. खिळ्यांचे डबे उगाच सरळ करतो, दारापर्यंत जाऊन रस्ता बघून येतो, परत बसतो. सकाळपासून दोन कागद चुरगाळून झाले. दोन्हींवर हवापाण्याच्या पुढं गाडी गेलीच नाही. रोवेना इथं असती तर म्हणाली असती, "आर्व्हिल, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?" पण ती क्लेटनकडे गेलीय. भावाकडे गेली की ती लवकर परतत नाही, म्हणून म्हटलं, आजच लिहून टाकू.

तू दोनदा मला भेटायला नकार दिलास. दोन्ही वेळा मी डोंगर उतरून तुरुंगापर्यंत आलो, खिशातलं सगळं काढून त्यांच्या ताटलीत ठेवलं, काचेसमोरच्या खुर्चीवर बसलो, आणि पहारेकऱ्यानं येऊन सांगितलं, "तो येत नाही म्हणतो." मला राग आला नाही असं लिहिणार होतो, पण आला. परतताना गाडीत तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. पत्राला मात्र तसं परत पाठवता येत नाही. तू फाडलंस तरी आधी वाचशील. आपण एका वर्गात होतो तेव्हा बाईंनी घरी द्यायला दिलेली चिठ्ठीसुद्धा तू आधी वाचायचास आणि मगच ओढ्यात सोडायचास.

तर बातमी. आपल्या गावात चालायची वाट झाली. खरंच. जुन्या बेसबॉलच्या मैदानाला वळसा घालून, ओढ्याच्या कडेकडेनं, पुन्हा चर्चच्या मागं येऊन मिळते. सपाट, मऊ, काळी. अधेमधे बाकं आहेत, तीही काळीच. नवख्याला वाटेल डांबर आहे, पण पाय ठेवला की जरासा आत जातो आणि परत वर येतो. हॉबर्ट म्हणतो, म्हाताऱ्या गादीवरून चालल्यासारखं वाटतं. हॉबर्टचं केस कापायचं दुकान अजून चालू आहे, हात थरथरतात म्हणून लोक फक्त गप्पा मारायला जातात.

ही वाट कशाची आहे ते मी अजून लिहिलं नाही. तू ओळखलं असशील.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात मी नगराध्यक्ष झालो. हसू नकोस. कुणीच उभं राहिलं नव्हतं. हे पद म्हणजे कुणाचं कुत्रं कुणाच्या कोंबड्या खातंय ते ऐकून घेण्याचं पद आहे, हे तुलाही ठाऊक आहे. पण त्याच सुमाराला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जो येईल त्याला एकच औषध सांगायला सुरुवात केली: चाला. साखर आहे, चाला. गुडघे धरलेत, चाला. खाणीतली छाती घेऊन आलात, हळू चाला, पण चाला. अरे, पण चालणार कुठं? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि मधल्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. ट्वायला चर्चच्या मोटारतळावर फेऱ्या मारायची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई, ती गोल गोल फिरताना बघून मला कसंतरी व्हायचं. एकदा मला म्हणाली, "नगराध्यक्ष झालास ना, मग मला सरळ रेषेत चालता येईल असं काहीतरी कर. घाण्याला जुंपल्यासारखं वाटतं मला."

मग मी इकडंतिकडं विचारत सुटलो, आणि कळलं की राज्य सरकारचा एक निधी आहे. नवा टायर विकला गेला की त्यातला थोडा वाटा बाजूला पडतो, आणि त्यातून गावांना अनुदान मिळतं. अट एकच, काम सगळ्यांच्या वापराचं हवं आणि त्यात जुन्या टायरांचं रबर वापरलेलं हवं. खेळाचं मैदान, बाकं, चालायची वाट, काहीही. हे ऐकलं आणि डेल्मर, अर्जाचा कागद मी गल्ल्याखाली सारून ठेवला. दोन आठवडे मी कुणाला बोललो नाही. आपल्या गावात तो शब्द कुणी काढत नाही. माझ्या दुकानात पंक्चरचं सामान आहे, तेसुद्धा लोक बोट दाखवून मागतात.

शेवटी अर्ज पाठवला, तेव्हा त्या निधीचं काम बघणाऱ्या ओडेसा ग्रिग्सबी नावाच्या बाई राजधानीहून आल्या. तरुण, नीटनेटक्या, हातात रबराचा एक चौकोन घेऊन. कौन्सिलच्या खोलीत गाव जमलं होतं. त्यांनी तो चौकोन वर धरला आणि आनंदानं म्हणाल्या, "हे तुमचे टायर!" मग हॉबर्ट म्हणाला, "बाई, टायरांचा आम्हाला पुरेसा अनुभव आहे." एक-दोघं हसले, आणि हसून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. बाईंना कुणीतरी बाजूला नेऊन कानात सांगितलं. त्या लालबुंद झाल्या. पण निघून गेल्या नाहीत. चौकोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. आता सांगा, मी ऐकते."

आणि लोकांनी सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही आपापसात जे बोललो नव्हतो ते त्या परक्या बाईला सांगितलं. मी मागं उभा होतो. तुझ्या जागेपासून माझ्या घरापर्यंत धुराचं झाकण कसं पडलं होतं, भर दुपारी दिवे कसे लावावे लागले, शाळा कशी बंद झाली, ओढ्यावर तेलाचा तवंग कसा आला आणि मासे पोट वर करून कसे वाहत गेले. त्या ऑक्टोबरात पान न् पान कोरडं होतं, उघड्यावर जाळायला सगळीकडे बंदी होती, आणि तू तांबं विकायला तारांवरचं आवरण पिंपात जाळत बसला होतास, तेही टायरांच्या ढिगाला पाठ लावून, आणि ठिणगी उडून ढीग पेटला. कुणीतरी म्हणालं, "त्यानं गावाचं गटार करून ठेवलं होतं." तेव्हा ट्वायला उठली. "माझ्या तिन्ही मोटारींचे टायर त्या ढिगात होते," ती म्हणाली. "तालुक्याच्या कचराडेपोपर्यंत कोण जाणार म्हणून मीच त्याच्याकडे टाकत होते. ज्यांनी टाकले नसतील त्यांनी हात वर करा." एकही हात वर गेला नाही. पण कुणाचा रागही कमी झाला नाही. हे मी तुला गोड करून सांगणार नाही.

क्लेटन पुढच्या खुर्चीवर बसला होता. नाकात नळी, शेजारी चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याच्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवल्यासारखं होतं, आणि सगळे बघत होते. त्यानं दम घेतला आणि म्हणाला, "मला चालायचंय. टायरवर चालवा, शेणावर चालवा, पण सपाट असू दे आणि बसायला काहीतरी असू दे." एवढंच. त्यानंतर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. फक्त लहान मुलांच्या झोक्यांखाली रबर नको, तिथं लाकडाचा भुसाच राहू दे, असं ट्वायलानं हट्टानं लिहून घेतलं. ओडेसाबाईंनी तपासणीचे कागद दाखवले, तरी ती हलली नाही. "कागदाला नाक नसतं," म्हणाली.

अनुदान मंजूर झालं ते वसंतात. गावानं आपला वाटा घालायचा होता, तो पैशात नाही तर श्रमात घातला तरी चालणार होता. आपल्याकडं श्रमाशिवाय दुसरं आहे काय! मैदानाच्या कडेचं रान आम्ही तोडलं, खडी पसरली, दाबली. रोवेना रोज मोठ्या पातेल्यात घेवड्याच्या दाण्यांची आमटी आणि मक्याचा ब्रेड घेऊन यायची. मग रबर अंथरणारी माणसं आली, तर पाऊस लागला. खडी ओली असेल तर रबर धरत नाही. ताडपत्रीखाली रबराची पोती, गाडीत माणसं, आणि मी दर तासाला आभाळाकडं बघतोय. हॉबर्ट म्हणाला, "आभाळाला आणखी त्रास देऊ नकोस, ते आधीच रडतंय." असे ते दिवस गेले. कधी उघाड पडते, कधी काम होतं, नि होऊन तरी कुणी त्यावर पाऊल ठेवेल का, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

ऊन पडलं आणि काम सुरू झालं. पोती फोडली तेव्हा मी जवळ जाऊन बघितलं. भरड मिरपुडीसारखं रबर, त्यात काकवीसारखा चिकट पदार्थ ओतून कालवतात, मग थापीनं थापत पुढं सरकतात, घराला सारवण घालावं तसं. एवढ्या रानटी वस्तूचं असं काही होऊ शकतं, मला खरं वाटेना. ओडेसाबाईंना मी विचारलं, यात आपल्या गावचे टायर असतील का. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही, तुमच्याकडचे उरलेले टायर उचलले तेव्हा ते कारखान्यात गेले, तिथं सगळ्या राज्याचे एकत्र होतात. गावानं हे उत्तर अर्थातच मानलं नाही. पोरं म्हणतात, ही डेल्मरच्या टायरांची वाट. हॉबर्ट तर शपथेवर सांगतो, की त्याचा पुढचा डावा टायर तिसऱ्या वळणावर आहे, पाय ठेवला की ओळख देतो.

आता जे लिहायचंय ते अवघड आहे. मघाशी उठून बाहेर जाऊन आलो.

वाट तयार झाल्यावर पहिल्याच रविवारी उद्घाटन ठेवलं होतं. चर्च सुटलं, लोक मैदानात आले, फीत बांधलेली, टेबलावर सफरचंदाचे केक. आणि ऊन कडकडीत पडलं. नवीन रबर तापलं आणि त्याचा वास आला. मला आधी कळलंच नाही काय होतंय. मी भाषणाचा कागद उघडला, वर बघितलं, तर समोरच्या माणसांचे चेहरे बदललेले. एका बाईनं मुलाच्या नाकावर रुमाल धरला. रोवेनाच्या हातात केकची ताटली होती. तिनं ती गवतावर ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि चालायला लागली. मागं न बघता, टेकडीवरच्या घराकडं. तिच्यामागून एकेक करून सगळे गेले. मी फीत न कापता सोडवून घेतली आणि खिशात घातली. ओडेसाबाई बिचाऱ्या केक झाकत बसल्या.

रोवेना त्या दिवशी मला एवढंच म्हणाली, "आग लागली त्या दिवशीही असाच वास आला होता आणि मला वाटलं, कुणाची तरी गाडी तापलीय. तोवर क्लेटन आत गेला होता."

तो आत का गेला हे तुला ठाऊक आहे, डेल्मर. मी कधी तुला विचारलं नाही, पण माझी खात्री आहे की त्यामुळंच तू काचेपलीकडं येत नाहीस, आणि त्यामुळंच वकिलाला तोंड उघडू न देता तू सगळे आरोप कबूल केलेस. पहिल्या बंबावर तो होता. कुणीतरी ओरडलं, डेल्मर घरात आहे, त्याची गाडी इथंच उभी आहे. मुखवट्यातली हवा संपत आली होती, त्याला मागं फिरायला सांगितलं होतं. तो गेला. तुझ्या घरातल्या दोन्ही खोल्या त्यानं हातानं चाचपडून बघितल्या, पलंगाखालीसुद्धा. आणि तू वर कड्यावर बसला होतास, गुडघ्यांत डोकं घालून. तिथून तुला दिसलंही नसेल कोण आत गेलं ते. धूर किती होता ते मीही बघितलंय.

वाट ओस पडली. आठवडा गेला, आणखी एक गेला. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एकटा जाऊन एक फेरी मारायचो. का, ते मलाच सांगता येत नाही. ओडेसाबाईंना काय तोंड दाखवू, हा विचार होता. सरकारच्या खर्चानं गावाच्या जखमेवर मीठ चोळून ठेवलं, हाही होता. लोक खिडकीतून बघत असायचे. पाय मऊ जागेत पडायचे आणि मला वाटायचं, मी कुणाच्या तरी अंगावरून चालतोय.

मग एका सकाळी क्लेटन आला. रोवेनानं त्याला चर्चपाशी सोडलं आणि ती गाडीतच बसून राहिली. तो सिलिंडर ओढत पहिल्या बाकापर्यंत आला, बसला, श्वास खाली येईपर्यंत थांबला. मी शेजारी बसलो. म्हणाला, "वास येतोय."

मी म्हटलं, "हो. कमी होईल म्हणतात."

"हा तो वास नाही," क्लेटन म्हणाला. "तो माझ्या नाकातून गेलेलाच नाही, त्यामुळं मला फरक कळतो. हा नव्या बुटांचा वास आहे." आणि उठून दुसऱ्या बाकापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी ट्वायला आली, सरळ रेषेत, हात हलवत, मिरवणुकीत चालावं तशी. मग हॉबर्ट आपला टायर शोधायला आला. आता सकाळी तिथं इतकी गर्दी असते की दवाखान्यातल्या नर्सबाई स्वतःच चालायला येतात. रोवेना मात्र अजून त्यावर पाऊल ठेवत नाही. गाडीत बसून भावाची वाट बघते.

इथवर लिहायला मला काही वाटलं नाही. यापुढचं लिहायचंय म्हणूनच सकाळपासून उठबस चाललीय.

मागच्या आठवड्यात दुकानात स्टिडहॅम नावाचा माणूस आला. मुदतीआधी सुटणाऱ्यांची व्यवस्था बघणारा अधिकारी. मला वाटलं कुलूप हवंय. त्यानं तुझं नाव घेतलं आणि नेमका हॉबर्ट तिथं स्क्रू निवडत होता. तुझी सुटका मंजूर झालीय, पण राहायला पत्ता नाही, असं तो म्हणाला. ओहायोतल्या तुझ्या बहिणीनं, इमोजीननं, नाही म्हणून कळवलंय. पत्ता नसेल तर मंजुरीला काही अर्थ नाही, शिक्षा पुरी होईपर्यंत तुला तिथंच राहावं लागेल. "गावात कुणी आहे का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. हॉबर्टनं स्क्रू तिथंच ठेवले आणि गेला. मी गल्ला बंद करेपर्यंत साऱ्या गावाला कळलं होतं.

तातडीची सभा बोलावली. मी बोलावली नाही, माझ्यावर बोलावली. मी आत गेलो तर बसायला जागा नव्हती. आरडाओरडा झाला नाही, ते जास्त वाईट होतं. सगळे समजुतीनं बोलत होते. आपण आत्ता कुठं सावरतोय, आर्व्हिल. पोरं त्या वाटेवर खेळतात, आर्व्हिल. त्यानं दुसरीकडं जावं, आमचं त्याच्याशी वैर नाही. ठराव असा, की नगराध्यक्षानं गावच्या वतीनं सुटकेच्या मंडळाला पत्र लिहावं, की सोरेल फोर्कला हा माणूस परत नको आहे. ट्वायला म्हणाली, "टायर टाकायला तो हवा होता, आता राहायला नको?" तिला कुणीतरी म्हणालं, "मग तुझ्या घरी ठेव की." ती खाली बसली. तिच्या घरी नातवंडं आहेत, तिला दोष देऊ नकोस.

मग कुणीतरी क्लेटनला विचारलं. विचारणाऱ्याला वाटलं असणार, की आता कायमचा निकाल लागेल. क्लेटननं नळी नीट केली. म्हणाला, "मी त्याला शोधायला आत गेलो होतो. मला तो सापडला नाही. अजून सापडलेला नाही." तो पुढं म्हणाला, "येऊ दे त्याला. माफ-बिफ करायचं माझ्या मनात नाही, तसं कुणी समजू नका. पण ज्याच्यासाठी मी माझी छाती घालवली तो माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचाय. जिवंत, चालता-बोलता. नाहीतर मी कशासाठी गेलो होतो तेच मला कळत नाही."

तरीही ठराव मंजूर झाला. क्लेटनबद्दल सगळ्यांना आदर आहे, पण भीती जास्त आहे. मी उभा राहिलो आणि म्हटलं, हे पत्र नगराध्यक्षानं लिहायचं असेल तर नगराध्यक्ष दुसरा बघा. कौन्सिलच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. कुणी थांबवलं नाही. तेव्हापासून दुकान जरा शांत आहे. लोक खिळ्यांसाठीसुद्धा पलीकडच्या गावी जातायत. हॉबर्ट तेवढा येतो, काही घेत नाही, उगाच उभा राहतो आणि म्हणतो, "तुला किल्ली ठेवायची घाई झाली होती, मी अजून बोललोच नव्हतो."

पण गावाचं मला एवढं भय नव्हतं, डेल्मर. भय होतं रोवेनाचं. सभेहून आल्यावर तिनं काही विचारलं नाही. घर धुवायला काढलं. पडदे, पायपुसणी, कपाटाच्या वरची धूळसुद्धा. मी काही म्हणायला तोंड उघडलं की ती बादली घेऊन दुसऱ्या खोलीत. इतकी वर्षं संसार केला, पण हातात बादली असलेल्या बाईशी कसं बोलावं हे मला अजून आलेलं नाही. शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरातून न वळताच म्हणाली, "माझ्या घरात नाही. माझ्या टेबलावर नाही. त्याच्यासमोर बसून मला घास गिळता येणार नाही, आर्व्हिल, आणि तू मला तसं करायला सांगितलंस तर मी क्लेटनकडे राहायला जाईन." मी म्हटलं, बरं. ती बराच वेळ भांडं घासत राहिली. मग म्हणाली, "दुकानाच्या वर खोली रिकामी आहे. छप्पर गळतं ते आधी नीट कर. जेवण मी पाठवत जाईन. मी पाठवते म्हणून त्याला सांगायचं नाही." मी तुला सांगतोय. तिच्या मनाविरुद्ध सांगतोय, कारण ताट कुणाच्या हातचं आहे हे ठाऊक असल्याशिवाय तू ते खावंस, असं मला वाटत नाही. आज सकाळी तिनं धुतलेल्या चादरींचा गठ्ठा इथं काउंटरवर आणून ठेवला आणि भावाकडे निघून गेली.

म्हणून हे पत्र. स्टिडहॅम गुरुवारी खोली बघायला येतोय. मी छप्पर करून घेतलंय, खाट टाकलीय, शेगडी बसवलीय. माझ्या बाजूनं पत्ता दिला. पण तो म्हणाला, कैद्यानं स्वतः हो म्हणावं लागतं, आणि तू आजवर प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणत आलायस. आता म्हणू नकोस. इथं तुला कुणी मिठी मारणार नाही. काही जण रस्ता बदलतील, काही दुकानात यायचे बंद होतील, ते माझं मी बघीन. काम आहे, पाठ दुखेपर्यंत आहे. क्लेटन सकाळी बाकावर असतो. त्याच्याकडं तुला एकट्यानं जावं लागेल. मी बरोबर येणार नाही आणि काय बोलायचं तेही सांगणार नाही. रोवेना गाडीत बसलेली असेल, तिच्याकडं बघून हात हलवू नकोस. खोलीला मागच्या अंगानं जिना आहे, कुणाच्या नजरेस न पडता वर जाता येतं. तुझ्या मनात तोच येईल म्हणून आधीच सांगतो. त्या जिन्यानं येऊ नकोस, डेल्मर. दुकान उघडं असताना ये, चार गिऱ्हाईकं उभी असताना ये, आणि पुढच्या दारानं ये.

तुझाच, तू कितीही नको म्हणालास तरी,
आर्व्हिल